डोंग्यात एक जास्त

“आज बी साहेबानं डोंग्यात एक जास्त मोजला,” आमचा डोंगा चालवणारे बिसनभाऊ जीपच्या ड्रायव्हरला हळू आवाजात सांगत होते.

मी जीपच्या मागच्या भागात, ताडपत्रीच्या आड बसून पायाचा चिखल पुसत होते. मी तिथं आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

“मोजू दे ना गा,” ड्रायव्हर म्हणाला. “तुले काहून भेव लागते? त्यायच्या मोजण्यानं तुह्या डोंग्यात कोनी येऊन बसते काय?”

“भेव नाई लागत. पण बांबू मी मारून राहिलो ना, मले समजते. डोंगा जड चालते.”

ड्रायव्हर यावर हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं विडी टायरवर विझवली आणि साहेब कुठवर आलेत ते बघायला बांधाकडे मान वळवली.

सर, म्हणजे बिसनभाऊंचे साहेब, बांधावरून एकटेच येत होते. चालता चालता एका बाजूला सरकत होते, शेजारून कोणी चालत असलं की आपण वाट देतो तसे.

सत्तरीच्या दशकातली ही गोष्ट. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात तात्पुरत्या नेमणुकीवर लागले होते. तलावांमधल्या झिंग्यांच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या कोळंबीच्या, पिल्लांची पाहणी करणं हे आमचं काम. कुहीपासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये, जमीनदारांच्या काळातला एक जुना मालगुजारी तलाव होता. त्याच्याबद्दल वरच्या कार्यालयाचा बेत ठरलेला होता. हिवाळ्याच्या शेवटच्या फेऱ्यांमध्ये पुरेशा जागी पिल्लं सापडली नाहीत, तर तलाव निरुपयोगी धरायचा, उन्हाळ्यात पूर्ण आटवायचा, तळ वाळवायचा, आणि पुढच्या पावसात बाहेरून आणलेलं मोठ्या माशांचं बीज सोडून तो ठेक्यानं द्यायचा. सापडली, तर तलावाला हात लावायचा नाही.

गावातली मासेमार ढिवरांची घरं या झिंग्यांवर जगत होती. बायका पाटाच्या तोंडाशी टोपल्या लावून झिंगे धरायच्या, अंगणात वाळवायच्या आणि कुहीच्या बाजारात नेऊन विकायच्या. पण टोपलीतला मोठा झिंगा हा पुरावा धरला जात नव्हता. तो वरच्या नाल्यातून वाहून आला असेल, असं वरचे साहेब म्हणत. पिल्लं तलावात आहेत का, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर सर काढणार होते आणि त्या उत्तराची नोंदवही माझ्या मांडीवर असायची.

सर उंच आणि सुकलेले होते. शर्टाचं गळ्याचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं. पायात कॅनव्हासचे बूट. खिशात काथ्याच्या दोरीचा एक तुकडा असे, त्याला ते दिवसभर गाठ मारत आणि सोडत. दोरीला अजून समुद्राचा वास येतो, असं ते म्हणत. मी एकदा टेबलावर पडलेला तो तुकडा गुपचूप हुंगून पाहिला. त्याला कसलाच वास नव्हता.

ते कोकणच्या किनाऱ्यावरून बदलून आले होते. तिथं त्यांनी कित्येक वर्षं शेवंडीची, म्हणजे समुद्रातल्या मोठ्या झिंग्याची, पिल्लं मोजली होती. समुद्रात काथ्याचे झुबके टांगून ठेवायचे, पिल्लं त्यांना धरून बसतात, मग झुबके वर काढून झटकायचे. “शेवंडीचं पिल्लू काचेचं असतं,” ते सांगत. “हातावर घेतलं की हातच दिसतो.” समुद्र सोडून ते आमच्या नागपुरात का आले, हे कोणाला माहीत नव्हतं. ड्रायव्हरचं म्हणणं होतं की तिथं होडीत गेलेला एक माणूस परत आला नाही. कार्यालयातले एक कारकून म्हणत की तसं काही नाही, वरच्या साहेबाशी भांडण झालं. सरांनी स्वतः या विषयावर एकदाच एक वाक्य उच्चारलं, तेही मी विचारलं नसताना. “त्या कामात माझ्याकडून मोजताना एक राहून गेला होता. त्यानंतर मी कोणालाच सोडत नाही.” एवढं बोलून ते पेन्सिलीला टोक काढत बसले.

म्हणून डोंगा सुटायच्या आधी ते माणसं मोजत. दोन डोंगे, म्हणजे खोड कोरून केलेल्या होड्या, शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या होत्या, त्यामुळे जागा बरी होती. मागच्या टोकाला बांबू घेऊन बिसनभाऊ उभे. मधे मी, त्यांच्याकडे तोंड करून. पुढच्या टोकाला सर, आम्हा दोघांकडे पाठ करून. सर चढायच्या आधी काठावर उभे राहून बोट दाखवत मोजत, स्वतःला धरून. “एक, दोन, तीन, चार. चला.”

पहिल्या दिवशी बिसनभाऊ म्हणाले होते, “तीनच आहोत ना जी.”

“चार,” सर शांतपणे म्हणाले. “हळू चालव.”

चौथ्याला मोजताना त्यांचं बोट माझ्या आणि त्यांच्या बसायच्या जागेमधल्या फळीकडे जायचं. मी जिच्याकडे पाठ करून बसायची ती फळी. सकाळच्या धुक्यात त्या फळीचा करकर आवाज यायचा. लाकूड आहे, वाजणारच, असं मी मनाला सांगायची. तीन महिन्यांत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, हेही खरं.

सरांचं एक पुस्तक होतं. खाकी कापडात बांधलेलं, जाड, आणि आत एकही शब्द नाही. पानामागून पान नुसते आकडे, कसलाही क्रम नसलेले. तलावाच्या नकाशावर चौकोन आखलेले होते. सर डोळे मिटून पुस्तक उघडत, पेन्सिल टेकवत, आणि जो आकडा येईल त्या चौकोनात भारा बुडवायचा. असे तीस भारे. काठावर माजलेल्या बेशरमाच्या फांद्या तोडून, दगड बांधून, पत्र्याचा क्रमांक अडकवून केलेले. आठवडाभरानं ते उचलायचे.

इतर लोक पोथी वाचतात तसे सर ते पुस्तक वाचत. दुपारच्या सुट्टीत मी त्यांना ओठ हलवताना पाहिलं आहे.

“हे कोणी लिहिलेलं नाही,” ते मला म्हणाले होते. “म्हणून यात कोणाचा हेतू नाही. आपण जागा निवडली की आपल्याला हवं ते सापडतं. गैरसोयीची जागा टाळली की आपण तलाव मोजत नाही, आपली सोय मोजतो.”

याच कारणानं ते डोंग्यात पाठ करून बसत. भारा वर येताना तो जड आहे की हलका, हिरवा की कुजलेला, हे दिसलं तर डोळा आधीच अंदाज बांधतो आणि मग ताटलीत तेवढंच दिसतं, असं त्यांचं मत. बिसनभाऊंनी भारा उचलायचा, पांढऱ्या कापडावर झटकायचा, कापडातलं पाणी एनॅमलच्या ताटलीत ओतायचं, ताटली मी सरांकडे द्यायची. तेव्हाच ते मान वळवत.

ती ताटली मला अजून स्वप्नात येते. झिंग्याचं पिल्लूही शेवंडीसारखंच पारदर्शक. आधी ताटली रिकामी दिसते. मग बघत राहिलं की एक काळा ठिपका दिसतो, त्याच्या शेजारी दुसरा. अंग नाहीच, नुसते डोळे. थोड्या वेळानं आपण ताटलीकडे बघतोय की ताटली आपल्याकडे, ते कळेनासं होतं.

“डोळे मोजा, दोनानं भागा,” सर म्हणत.

पहिल्या फेरीत एकदा डोळे सात आले. सरांनी अर्धा तास डोंगा तिथंच थांबवला. भिंग लावून त्यांनी तो एका डोळ्याचा जीव शोधून काढला, “चार. एकाला एकच डोळा,” असं मला लिहायला सांगितलं, आणि मग त्याच्यावर वाकून बघत राहिले. शेवटी म्हणाले, “याचा दुसरा डोळा कुठं आहे, ते याला माहीत असेल.” बिसनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि कानाच्या पाळीला हात लावला.

मी सहसा बोलतच नसे. शाळेत मराठी चालत नसे, घरी इंग्रजी चालत नसे, त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले होते. त्यावरून बिसनभाऊ माझी थट्टा करायचे. “मॅडमले तोंड आहे काय जी, का तुमच्या झिंग्यावाणी डोळेच आहेत?” सर उत्तर द्यायचे, “डोळे आहेत ते पुरे.”

त्या डोळ्यांना एक गोष्ट दिसली होती.

पहिल्याच फेरीत दिसली. बिसनभाऊ भारा कापडावर झटकत, वाकून बघत, आणि ताटलीत ओतायच्या आधी चिमटीनं एक पिल्लू उचलून डाव्या हाताला पाण्यात सोडत. इतकं झटकन, की आधी मला वाटलं काडीकचरा काढतात. दुसऱ्या भाऱ्याला तेच. तिसऱ्यालाही. चौथ्याला त्यांनी वर पाहिलं आणि मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

“पह्यला पान्याचा,” ते पुटपुटले. “आमच्या बापानं बी सोडला, त्याच्या बापानं बी. पान्याले दिल्याबिगर घेवाव नाई. साहेबाले सांगू नोका बरं मॅडम, ते कायद्याचे मानूस.”

मी मान हलवली. एका पिल्लानं काय फरक पडतो, असं मला वाटलं. तेव्हा एकेका भाऱ्यात तीन-चार निघत होती. इतर तलावांवर आमचाच शिपाई भारे उचलायचा, त्यामुळे हे फक्त इथं घडत होतं. वाटल्यास शेवटी प्रत्येक आकड्यात एक मिळवता येईल, असंही मी मनात ठरवलं. ते मनातच राहिलं.

सर डबा आणत नसत. थंडीत संत्री आणत. सोलून झाल्यावर आधी फोडी मोजत, “अकरा,” असं स्वतःशी म्हणत, दहा खात आणि एक सालीवर तशीच ठेवून साल त्या रिकाम्या फळीवर ठेवून देत. बिसनभाऊंना हे फार आवडायचं. “साहेब बी आमच्यावाणीच करते,” ते मला हळूच म्हणाले. परतताना ती फोड फळीवर नसायची. कावळे होते, माशा होत्या, डोंगा हलत होता. मी एवढंच लिहिते की ती नसायची.

एका रविवारी संध्याकाळी आई आणि मी सक्करदऱ्याच्या तलावाकडे फिरायला गेलो होतो. आमचं घर तिथून जवळच. सर तिथल्या काठावर बसले होते, पाण्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड. मांडीवर ते खाकी पुस्तक. मला पाहून ते उठून उभे राहिले, आईला नमस्कार केला आणि अगदी प्रेमानं म्हणाले, “वा. आज तिघी मिळून?”

आईनं मागे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि मला दंडाला धरून जवळजवळ पळवतच घरी आणलं.

“कोण आहे गं हा माणूस?”

“माझे सर.”

“दोघींना तिघी म्हणतो? तू ती नोकरी सोड.”

“त्यांची मोजायची सवय आहे तशी,” मी म्हटलं.

“मोजायची सवय असलेला माणूस चुकत नाही,” आई म्हणाली, “याचंच तर भ्या वाटते मले.” आई चिडली किंवा घाबरली की तिच्या माहेरची बोली वर येई. त्या रात्री तिनं दाराची कडी दोनदा बघितली.

पौषात तलावावर थंडी दाट झाली. पिल्लं विरळ होत गेली. याच फेऱ्यांवर निर्णय व्हायचा होता. आता एकेका भाऱ्यात एखादंच पिल्लू निघत होतं, आणि मी समोर बसून बघत होते की बिसनभाऊ ते एकुलतं एक पिल्लू चिमटीत धरतात, डाव्या हाताला सोडतात, आणि नुसतं पाणी ताटलीत ओततात. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही लबाडपणा नव्हता. देवाला नैवेद्य दाखवताना असतो तसा तो चेहरा. साहेबांचं शून्य आणि आपलं सोडणं यांचा काही संबंध असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांच्या हिशेबी तलाव भरलेला होता. ते रोज बघत होते ना.

सर रिकाम्या ताटलीवर वाकत. एक मिनिट, दोन मिनिटं. मग म्हणत, “शून्य.” मी शून्य लिहायची. एकदा शून्य म्हटल्यावरही त्यांनी ताटली परत दिली नाही. पाण्याला नाक लागेल इतके ते वाकले.

“इथं होता,” ते म्हणाले. “आत्ता होता.”

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. बिसनभाऊ बांबू धरून आभाळाकडे बघत होते.

पुढच्या फेरीसाठी सरांनी पुस्तक उघडलं तेव्हा एक आकडा मसणवटीच्या कडेच्या चौकोनाचा निघाला. तिथं काठ पाण्यात उतरत जातो आणि राख थेट तलावात जाते.

“थ्या जागी मी नाई येत जी,” बिसनभाऊ म्हणाले. “शेजारच्या चौकोनात टाका ना. पानी तर एकच आहे.”

“आकडा या चौकोनाचा आहे.”

“मंग तुमी जा. मी इथं उभा राह्यतो.”

सर खरोखरच गेले. बिसनभाऊ बांधावर उतरले, सरांनी स्वतः बांबू घेतला, आणि मी डोंग्यात बसून राहिले कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. निघण्याआधी त्यांनी मोजलं. “एक, दोन, तीन.” म्हणजे त्याही दिवशी एक जास्त. भारा बुडवला. आठवड्यानं उचलायलाही आम्ही तसेच गेलो. काठावर अर्धवट जळालेली लाकडं आणि एक फुटकं मडकं होतं. वारा अजिबात नव्हता. सर नियमाप्रमाणे पाठ करून बसले आणि म्हणाले, “तुम्ही उचला.”

मी उचलला. झटकला. कापडावर काही दिसलं नाही. ताटलीत ओतलं आणि बघत राहिले. एक ठिपका. त्याच्या शेजारी दुसरा.

मी ताटली पुढे केली. “एक,” सर म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं माझ्या मागून कोणी बोललं.

त्या दिवशीच्या बाकी एकोणतीस भाऱ्यांत शून्य. ड्रायव्हरकडून ही बातमी गावात गेली, आणि गावातून परत आमच्यापर्यंत आली तेव्हा तिचं रूप बदललं होतं. सारा तलाव मेला आहे, फक्त मसणवटीच्या पाण्यात जीव आहे, आणि तो वेडा साहेब तिथं आपल्या माणसाला भेटायला जातो. पाटाजवळ झिंगे निवडणाऱ्या एका म्हातारीनं मला हाक मारली.

“बाई, तलाव सुकवून राहिले म्हनते उन्हाळ्यात. खरं काय वं?”

मी म्हटलं, “अजून ठरलं नाही.”

“तुह्याच वहीत लिवलं आहे म्हनते ना ते?” तिचे हात थांबले नव्हते. “मंग तुले माहीत असन. आमाले सांगजो बाप्पा, आधी सांगजो. पोरीचं लगन आहे.”

त्या संध्याकाळी कार्यालयात सर माझ्या टेबलाशी आले. ते कधी कोणाच्या टेबलाशी जात नसत. तीस भाऱ्यांचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि मसणवटीच्या ‘एक’वर बोट ठेवलं.

“तिथं काय वेगळं होतं?” त्यांनी विचारलं. “पाणी तेच, फांद्या त्याच, दगड तेच. मी आठ दिवस हाच विचार करतोय. प्रत्येक ठिकाणी एक कमी आहे असं मला दिसतं. एकच. कोणीतरी दर वेळी एक घेऊन जातं. तिथं तेवढं ते आलं नाही.” त्यांचे डोळे लाल झाले होते. “तुम्ही समोर बसता. तुम्हाला काही वेगळं दिसलं?”

तिथं काय वेगळं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. तिथं बिसनभाऊ नव्हते. भारा मी उचलला होता, आणि मला पाण्याला काही द्यायचं नव्हतं.

सगळं गाव ज्या माणसाला वेडा म्हणत होतं, त्याला नुसत्या आकड्यांवरून ते कळलं होतं जे मी उघड्या डोळ्यांनी तीन महिने बघत होते.

“नाही, सर,” मी म्हणाले.

का म्हणाले, याची उत्तरं मी नंतर पुष्कळ शोधली. सांगितलं तर बिसनभाऊंची रोजी जाईल. सांगितलं तर सरांचं सगळं वर्षाचं काम वाया जाईल. सांगितलं तर आधी का नाही सांगितलं, हे विचारतील. ही तिन्ही उत्तरं खरी आहेत. पण आधी शब्द तोंडातून बाहेर पडला आणि कारणं मागून आली. त्यांनी कागद उचलून घेतला. जाताना माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीला धक्का लागू नये म्हणून ते वळसा घालून गेले.

वरचे साहेब आले तेव्हा माघ लागला होता. आमच्या कार्यालयातल्या लांब टेबलाभोवती आठ-नऊ जण बसले. मी भिंतीकडेच्या बाकावर, नोंदवह्यांच्या गठ्ठ्याशेजारी. चहा झाला, दोन तलावांचे कागद झाले, मग कुहीचा कागद निघाला.

“शेवटच्या तीन फेऱ्या,” वरचे साहेब वाचत होते. “शून्य, शून्य, शून्य, शून्य. तिन्ही फेऱ्यांत मिळून एका जागी एक. हे तुमच्याच सहीचं आहे ना?”

“हो,” सर म्हणाले.

“मग तलाव आटवायला तुमचा विरोध का? तुम्ही वेगळं पत्र जोडलंय.”

“तिथं पिल्लं आहेत.”

“कशावरून?”

सर उभे राहिले. खिशातली दोरी त्यांच्या बोटांत होती. “प्रत्येक भाऱ्यात एक असतो. आपल्यापर्यंत पोचत नाही. मला तसं वाटतं.”

वाटतं हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. टेबलाच्या त्या टोकाला कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. दुसऱ्या एकानं शेजाऱ्याला पुरेसं ऐकू जाईल असं सांगितलं, “डोंग्यात बी एक असते म्हनते, साहेबालेच दिसते.” आता हसू टेबलभर फिरलं.

वरचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “तुमची बरीच रजा शिल्लक आहे,” ते सरांना म्हणाले. “समुद्राकडे जाऊन या. विश्रांती घ्या. आम्ही कुहीचं काम मार्गी लावतो.” आणि त्यांनी तो कागद सरांपुढे सरकवला. खाली एका सहीची जागा रिकामी होती. पाहणी करणाऱ्यानं सही केली की तलाव आटवायचा हुकूम निघणार होता.

सर बसले. त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग त्यांनी एक गोष्ट केली जी बाकी कोणाला दिसली नसेल. टेबलाभोवतीची माणसं त्यांनी नजरेनं मोजली. ओठ हलत होते. शेवटी नजर भिंतीकडच्या बाकावर माझ्यापर्यंत आली आणि तिथं थांबली. त्या नजरेत प्रश्न नव्हता. मोजणी पूर्ण झाली होती, एवढंच. मग ते कागदावर वाकले.

बाहेर कोराडीची बस धूर सोडत थांबली होती आणि कंडक्टर काहीतरी ओरडत होता. आत पेन कागदाला टेकायला आलं होतं. कुहीच्या पाटाजवळ या वेळी बायका टोपल्या उचलत असतील, आणि बिसनभाऊ उद्याच्या कामासाठी डोंग्यातलं पाणी उपसत असतील, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी उभी राहिले. शाळेतल्या सवयीनं आधी माझा हात वर गेला. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, म्हणून परवानगी मिळायची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

“सर, सही करू नका,” मी म्हणाले. “ती शून्यं नाहीत. बिसनभाऊ प्रत्येक भाऱ्यातला पहिला जीव पाण्याला परत देतात, ताटली तुमच्या हातात यायच्या आधी. मसणवटीला ते नव्हते, म्हणून तिथं एक सापडला. तुम्ही पाठ करून बसता, मी समोर बसते. मी पहिल्या फेरीपासून बघतेय, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले.”